डावा पॅडल, ताम्हिणी घाट आणि व्हर्टस जीटीचा डीएसजी

स्टिअरिंगमागच्या, बोटाने ओढून गिअर बदलायच्या दोन पॅडलांसाठी म्हणून कुणी फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटी या सेडानचे जास्तीचे पैसे मोजत असेल, तर त्यातले जवळजवळ सगळे पैसे डाव्या पॅडलचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उजवा पॅडल वरचा गिअर टाकतो. ते काम गिअरबॉक्स स्वतःच इतकं वेळेवर करतो की तिथे आपण बोट घालायची फारशी गरज पडत नाही. डावा खालचा गिअर टाकतो, आणि खालचा गिअर नेमका कधी हवा हे गाडीला कळत नाही. पुढचं वळण तुम्हाला दिसतं, तिला दिसत नाही.

मी भोसरी एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटीला आहे. ट्रॅक्टरचे गिअर. दिवसभर लीड, प्रोफाइल, रनआउट ही गिअरची मापं तपासणंच चाललेलं असतं. राहायला वारज्यात आणि माहेर माणगावला. त्यामुळे रोज हायवे, वाकड, नाशिक फाटा करत भोसरी, आणि मधून मधून ताम्हिणी उतरून कोकण, असं या गाडीचं दुहेरी आयुष्य आहे. गाडी 1.5 लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाची, सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. 150 पीएस ताकद, 250 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), आणि तो टॉर्क 1600 आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो. चाकणच्या कारखान्यात बनते. स्कोडाच्या स्लाव्हियातही हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स आहे, त्यामुळे पुढे लिहिलेलं बरंचसं तिलाही लागू पडेल.

आधी आतलं थोडं सांगते, कारण ते कळलं की पॅडल कधी ओढायचा हे पाठ करावं लागत नाही.

डीएसजीत एका खोक्यात दोन गिअरबॉक्स बसवलेले असतात. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुम्ही चौथ्यात चालला असाल तेव्हा दुसऱ्या क्लचमधून ताकद जात असते आणि पहिल्याचा शाफ्ट मोकळा असतो. त्या मोकळ्या शाफ्टवर गिअरबॉक्स पुढचा गिअर आधीच लावून ठेवतो. वेळ आली की एक क्लच सुटत जातो, दुसरा पकडत जातो. मध्ये ताकद तुटत नाही. मॅन्युअलमध्ये क्लच दाबल्यावर गाडीला जो श्वास घ्यावा लागतो, तो इथे नाही.

पण ‘पुढचा’ गिअर म्हणजे वरचा की खालचा? हा गिअरबॉक्सचा अंदाज असतो. पंगतीत वाढपी पुढच्या पदार्थाचं भांडं घेऊन पानाजवळ येऊनच उभा असतो. त्याने भात आणलेला असेल आणि तुम्ही भात मागितलात तर क्षणात पानात पडतो. तुम्ही ताक मागितलंत तर त्याला परत जाऊन यावं लागतं. चौथ्यात अॅक्सिलेटर दाबून गाडी पळवत असाल, तर मोकळ्या शाफ्टवर बहुधा पाचवा लागलेला असतो. त्याच क्षणी डावा पॅडल ओढलात तर पाचवा काढायचा, तिसऱ्याची सिंक्रो रिंग दाबून शाफ्टचा वेग जुळवायचा, इंजिनाचे आरपीएम वर आणायचे आणि मग क्लच बदलायचे, एवढं सगळं त्याला तेवढ्यात उरकावं लागतं. तो उरकतो, पण बोट आणि गाडी यांच्यात एक बारीक अंतर पडतं. ‘पॅडलला रिस्पॉन्स नाही’ अशी कुरकुर मी पार्किंगमध्ये पुष्कळदा ऐकली आहे, ती याच अंतराची असते.

उपाय सोपा आहे. आधी अॅक्सिलेटरवरचा पाय काढा, ब्रेकला हलका स्पर्श करा, आणि मग डावा ओढा. पाय उचलल्याबरोबर गाडी आता हळू होणार हे गिअरबॉक्सला कळतं आणि तो खालचा गिअर लावून तयार होतो. मग पॅडल ओढल्याक्षणी बदल होतो. आरपीएमचा काटा टुणकन वर जातो, गाडीला झटका बसत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला फक्त इंजिनाचा आवाज बदललेला कळतो.

सिंक्रो रिंग हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून इथे थोडं थांबते. हातात घेतली तर ती पितळी रंगाची, बांगडीएवढी वस्तू. आतून शंकूसारखी उतरती, बाहेरच्या कडेला बारीक टोकदार दात. गिअरच्या उतरत्या कडेवर ती घासून बसते, दोघांचा वेग एक होतो, आणि तोवर ते टोकदार दात स्लीव्हला (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याला) पुढे सरकू देत नाहीत. वेग जुळला की वाट मोकळी. मॅन्युअल गाडीत हे काम तुमचा हात करून घेतो. डीएसजीत तेच काम हायड्रॉलिक दाब करतो, आणि कधी करायचं ते मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट ठरवतं. ही वस्तू जिथे काही मायक्रॉनसाठी नापास होते तिथे माझा दिवस जातो, त्यामुळे डाव्या पॅडलच्या एका ओढीमागे केवढं काम होतं ते मला आपसूक जाणवत राहतं.

आता रस्त्यावर येऊ.

चांदणी चौकातून निघालं की पिरंगुटचा छोटा घाट लागतो, पुढे पौड, मुळशीचं पाणी, आणि मग ताम्हिणी. खरी परीक्षा ताम्हिणीच्या उताराची, विळ्याच्या बाजूला उतरताना. गाडी डीमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिकवर, ठेवली की तिचा कल वरचा गिअर पकडण्याकडे असतो. पेट्रोल वाचवायचं, आवाज कमी ठेवायचा, हे तिला शिकवलेलं आहे आणि सपाट रस्त्यावर ते बरोबरही आहे. उतारावर वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. गाडी सुटते, तुम्ही ब्रेक मारता, पुन्हा सुटते, पुन्हा ब्रेक. घाट अर्धा उतरेपर्यंत पुढच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास काचा बंद असूनही आत येतो, तो याच प्रकाराचा.

मी उतार सुरू व्हायच्या आधीच लिव्हर मॅन्युअलच्या बाजूला घेते आणि डाव्या पॅडलने तिसऱ्यात येते. वळणं घट्ट झाली की दुसरा. पाय दोन्ही पेडलांवरून काढला तरी गाडी इंजिनाने धरलेली राहते, आणि ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी लागतो. आरपीएमचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. अॅक्सिलेटर सोडलेला असताना आणि गाडी गिअरमध्ये असताना इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, त्यामुळे तीन हजारांवर आवाज करत उतरणारं इंजिन त्या वेळी पेट्रोल पीत नसतं. माझ्या वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या पिढीने ‘उतारावर न्यूट्रल, तेवढंच तेल वाचतं’ हे इतकं ऐकलंय की आवाज चढला की त्यांचा जीव वर-खाली होतो.

न्यूट्रलवरून आठवलं म्हणून इथेच लिहिते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यात कुणाला समजावून सांगायला नको. अवजड गाड्या तिथे न्यूट्रलवर सोडल्या जातात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि पुढे काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. कारवाल्यांना वाटतं हा ट्रकवाल्यांचा प्रश्न. पण मागून काय येतंय याकडे लक्ष ठेवायचं असेल, तर आपली गाडी आपल्या ताब्यात आणि ठरलेल्या वेगात असायला हवी. साताऱ्याजवळच्या माहुलीत मंडळींना भेटून परत येताना मी तो सगळा उतार गिअरमध्ये उतरते. नजर आरशात, पाय ब्रेकच्या वर तयार, आणि वेग धरून ठेवायचं काम इंजिनाकडे. पॅडलचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

चढावर गोष्ट वेगळी आहे, तिथे पॅडल लागतो तो ओव्हरटेकच्या आधी. भूगाव ते पौड या रस्त्यावर पुढे डंपर किंवा एसटी असते, समोरचा रस्ता थोडाच मोकळा होतो, आणि तेवढ्यात निघायचं असतं. अॅक्सिलेटर एकदम खाली दाबला तर गाडी खालचा गिअर घेते, पण दाबल्यानंतर घेते. तो विचार करण्याचा वेळ नेमका तेव्हाच महाग पडतो. त्यापेक्षा रस्ता मोकळा होताना दिसला की दाबायच्या आधीच डावा एकदा किंवा दोनदा ओढून ठेवायचा. मग पाय दाबला की गाडी लगेच निघते. दोनदा ओढताना घाई करू नका. सहाव्यातून पाचवा, पाचव्यातून चौथा असे क्लच आळीपाळीने बदलतात. दोन्ही ओढी लागोपाठ केल्या तर दुसरीला पहिलीचं काम संपेपर्यंत थांबावं लागतं. एक ओढ, काटा वर गेलेला ऐकायचा, मग दुसरी. आणि फार खाली जाण्यातही अर्थ नाही. या इंजिनाची ताकद खालूनच येते. साडेपाच हजारांवर नेऊन गाडी किंचाळते, पण त्या प्रमाणात पळत नाही.

पॅडल चाकाला जोडलेले आहेत, चाकाबरोबर फिरतात. याच्या दोन्ही बाजू आहेत. साध्या वळणात हात नऊ-तीनवर असतात आणि पॅडल बोटांखालीच राहतात. ताम्हिणीच्या उलट वळणात चाक अर्ध्याहून जास्त फिरतं आणि डावा पॅडल उजव्या हाताखाली येतो. फेरारीसारख्या गाड्यांमध्ये पॅडल स्टिअरिंगच्या खांबाला पक्के असतात, चाक फिरलं तरी ते जागचे हलत नाहीत. वाद जुना आहे. मला विचाराल तर उलट वळणाच्या मध्यात गिअर बदलायची वेळच येऊ देऊ नये. वळणात शिरायच्या आधी दुसरा पडलेला असावा, आत शिरल्यावर दोन्ही हातांना फक्त चाकाचं काम. पावसाळ्यात तर हे शंभर टक्के पाळायचं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, रस्ता ओला असतो, धबधब्यांपाशी माणसं गाड्यांतून उतरून थेट रस्त्यावर उभी असतात, आणि धुक्यात ती अगदी जवळ आल्यावर दिसतात.

बोटाखाली पॅडल कसा लागतो, तर लहान आणि हलका. ओढ छोटी, टिक लागल्याचं बोटाला कळतं, एवढं पुरेसं आहे. माझी बोटं लहान आहेत, मला तो बरोबर बसतो. नवऱ्याचे हात मोठे, त्याला तो आणखी लांब हवा होता. डीमध्ये असतानाही पॅडल ओढता येतो. मग गाडी तात्पुरती मॅन्युअल होते आणि काही वेळाने आपली आपण परत डीमध्ये येते. लवकर परत यायचं असेल तर उजवा पॅडल ओढून धरून ठेवायचा. ही सोय ओव्हरटेकला छान, उताराला निरुपयोगी. कारण उताराच्या मध्येच ती परत डीमध्ये गेली तर हाती काय राहिलं? उतारासाठी लिव्हर बाजूलाच घ्यायचा.

पूर्ण मॅन्युअलमध्येही गाडी सगळं ऐकते असं नाही. आरपीएम शेवटाला भिडले की ती स्वतःच वरचा गिअर टाकते, आणि इंजिन मर्यादेबाहेर जाईल असा खालचा गिअर मागितला तर तो देत नाही. काही उत्साही मंडळींना हे खटकतं. मी गिअर बनवण्याच्या धंद्यात असल्यामुळे मला ही राखण हवीच आहे.

वाकड आणि नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकबद्दल थोडंच लिहिते, कारण पॅडलचं तिथे फार काम नाही, पण क्लचचं आहे. या सात गिअरच्या डीएसजीचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. ड्राय क्लचची डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) कुणाचीही असो, मुंगीच्या वेगाने सरकत राहिलं की क्लच घासतो आणि तापतो. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. जागा होऊ द्या, ब्रेक पूर्ण दाबून थांबा, मग एकदम चार-पाच गाड्यांचं अंतर चाला. पुलाच्या चढावर गाडी अॅक्सिलेटरवर तोलून धरणं म्हणजे मॅन्युअलमधला हाफ क्लच, तो तर अजिबात नको. पहिला-दुसरा-पहिला अशी ओढाताण फारच होत असेल तर मॅन्युअलमध्ये घेऊन पहिल्यातच ठेवली की शांत होते. आणखी एक गोष्ट धंद्यातल्या नजरेने सांगते. हा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे आणि इंजिन बरोबर 250 देतं. त्यामुळे बाहेरून रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क वाढवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते ज्या भागावर जास्तीचं ओझं टाकतात, तो भाग त्यांनी बनवलेला नसतो.

स्पोर्ट्स कारमधली डीसीटी याहून किती वेगळी असते, हे मला भावाच्या मित्राच्या पोर्शे 718 केमनमध्ये कळलं. टेमघरच्या पुढे लवासाच्या रस्त्यावर त्याने चाक माझ्या हातात दिलं. त्यातल्या पीडीकेलाही (पोर्शेच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सला) सात गिअर, पण क्लच तेलातले. स्पोर्ट मोडमध्ये तुम्ही ब्रेक किती जोरात दाबता हे तो गिअरबॉक्स वाचतो आणि वळणाच्या आधी स्वतःच एक-एक करत खाली येतो, बहुतेक वेळा मला हवा होता तोच गिअर. तिथे डावा पॅडल मी मुद्दाम ओढत होते, गरज म्हणून नव्हे. पोर्शेने हे तंत्र 1980 च्या दशकात 956 आणि 962 या शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिलं. रस्त्यावरच्या 911 मध्ये ते आलं 2008 साली, आणि तेव्हाही स्टिअरिंगवर पॅडलऐवजी ढकल-ओढीची बटणं होती, जी पुष्कळांना रुचली नाहीत. डीएसजी त्याच्याही आधी, 2003 च्या गोल्फ आर32 मध्ये, विकत मिळणाऱ्या गाडीत आलेला होता. पॅडल तर त्याहून जुना. 1989 साली फेरारीच्या 640 या फॉर्म्युला वन गाडीत नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची शर्यत जिंकली, तीही पॅडलवाल्या गिअरबॉक्सच्या पहिल्याच शर्यतीत. तो गिअरबॉक्स एका क्लचचा होता, पण चाकावरून हात न काढता गिअर बदलायचा, ही कल्पना तिथूनच आपल्यापर्यंत आली. फॉर्म्युला वनमधली वस्तू चाकणमध्ये जुळवलेल्या सेडानमधून माणगावला जाताना वापरायला मिळते, याचा मला मनापासून आनंद आहे.

टेस्ट ड्राइव्हबद्दल सांगायलाच हवं. शोरूमवाले तुम्हाला बाणेर-बालेवाडीच्या सपाट, रुंद रस्त्यावर फिरवून आणतात. तिथे पॅडल ओढून पाहण्यात काही अर्थ नाही. आधीच फोन करून सांगा की पिरंगुटच्या घाटापर्यंत जायचं आहे. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघा, शहरात एकच नाही. चढताना अॅक्सिलेटर दाबलेला असताना एकदा डावा ओढा, मग पाय काढून, ब्रेकला स्पर्श करून पुन्हा ओढा. दोन्हीतला फरक तुम्हाला जाणवला आणि दुसऱ्याने बरं वाटलं, तर हा गिअरबॉक्स तुमच्यासाठी आहे. परतताना तोच उतार आधी डीमध्ये आणि वळून येऊन पुन्हा तिसऱ्यात उतरा. सोबत घरातलं दुसरं कुणी चालवणारं असेल तर त्यांनाही चालवू द्या, कारण उतारावर इंजिनाचा आवाज सहन होतो की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

ज्यांचा घाटाशी संबंध वर्षातून गणपतीत आणि मे महिन्यात येतो आणि बाकी सगळा वेळ हिंजवडीत जातो, त्यांनी पॅडल हे गाडी घ्यायचं कारण करू नये. त्यांना टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारी ऑटोमॅटिक) 1.0 लिटरची व्हर्टस ट्रॅफिकमध्ये जास्त निवांत वाटेल. आणि ज्यांना क्लच दाबून, हाताने गिअर टाकण्यातच आनंद आहे त्यांच्यासाठी हेच 1.5 चं इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलबरोबरही आलं आहे. मी मात्र पुन्हा निवडायची वेळ आली तर हाच डीएसजी घेईन, आणि पहिल्याच रविवारी ताम्हिणीला नेईन.